बाईंची नजर

आमच्या घरात बायोप्सीच्या स्लाइड वाचणारी दोन माणसं होती. एकाला ती विद्या शिकायला बारा वर्षं लागली, दुसरीला सहा आठवडे, आणि घर चालायचं दुसरीच्या पगारावर. दुसरी म्हणजे मी, शरयू उपाध्ये. पहिला माझा नवरा, डॉक्टर वर्धमान. आधी एमबीबीएस, मग पॅथॉलॉजीत एमडी, मग मोठ्या इस्पितळात आणखी तीन वर्षं उमेदवारी. त्याच्या शिक्षणापायी माझ्या सासऱ्यांनी सावळजची द्राक्षबाग विकली. तो शिकून मिरजेला परतला आणि त्याच वर्षी ठसा बाजारात आला. आता तो बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायचा, आणि बी.कॉम. अर्धवट सोडलेली त्याची बायको रोज कॅन्सरची निदानं करून घरी यायची.

ठसा कसा घेतात ते थोडक्यात सांगते, कारण अजूनही लोकांना वाटतं की डोक्यात सुई खुपसतात. तसं काही नसतं. डॉ. नलिनी वागळे नावाच्या एक निष्णात बाई होत्या. एका मोठ्या कर्करोग रुग्णालयात त्यांनी आयुष्यभर स्लाइड वाचल्या. निवृत्त होण्याआधी त्यांनी हजारो स्लाइड यंत्रात बसून पुन्हा पाहिल्या. त्या वेळी त्यांची बुबुळं कुठून कुठे फिरली, मेंदूच्या मागच्या बाजूला, जिथे बघण्याचं काम चालतं तिथे, कोणत्या पेशी कोणत्या क्रमाने जाग्या झाल्या, ते सगळं नोंदलं गेलं. शिकणाऱ्याला त्याच स्लाइड दाखवतात. त्याचा मेंदू बाईंच्या मेंदूसारखा वागला की डोक्यावरचं कडं चुंबकाचा हलका झटका देतं आणि ती वाट पक्की होते. वेगळा वागला तर झटका नाही. सहा आठवड्यांत वाट चांगली मळते. मग स्लाइड समोर आली की बाईंना दिसायचं तेच तुम्हाला दिसतं. का दिसतं ते मात्र विचारू नका, ते आम्हालाही कुणी सांगितलेलं नाही.

सुरुवातीच्या ठशांत एक अडचण होती. ठसा घेतलेल्यांना दिसायचं बरोबर, पण दिसलेल्यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही, सही करायला ते धजायचे नाहीत. म्हणून ठसा विकणाऱ्या कंपनीने बाईंच्या मेंदूतली खात्रीही नोंदवली आणि ठशात घातली. त्यानंतर सगळं सुरळीत झालं. परीक्षेत आम्ही ठसेवाले पदवीवाल्यांच्या पुढे असायचो. मी स्वतः वर्धमानपेक्षा जास्त गुण मिळवले होते. त्या दिवशी त्याने पेढे आणले, आणि पुढचे दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही.

स्लाइड यंत्रंही वाचायची. पण एका गाजलेल्या खटल्यानंतर कायदा झाला होता की रिपोर्टवर माणसाचीच सही हवी, आणि तीही दोघांची. पहिल्याने काय लिहिलं ते दुसऱ्याला कळता कामा नये. आमच्या लॅबमध्ये हे फार कडक होतं. माझी खोली वेगळी, जमीर मुल्लाची वेगळी, मधलं दार बंद. स्लाइड वाचताना एकमेकांना चहालासुद्धा हाक मारायची नाही. जमीर आधी मोटार वाइंडिंग करायचा, त्यानेही ठसा घेतलेला. आम्हाला या दुसऱ्या नजरेचा अभिमान होता.

त्या शुक्रवारी माझ्यासमोर जी स्लाइड आली तिच्यावर नाव होतं समृद्धी खोत, वय एकोणीस, उजवी मांडी. ही पोरगी आमच्याच गल्लीतली. कुस्ती खेळायची, राज्याच्या संघात तिची निवड होणार अशी चर्चा होती. मी क्षणभर डोळे मिटले, आणि मग मायक्रोस्कोपला लावले.

कॅन्सर. हाडाचा, मांडीत वाढलेला. वेड्यावाकड्या पेशी, त्यांच्यामध्ये कच्च्या हाडाचं जाळं. कॅन्सर दिसला की माझी करंगळी टेबलावर दोनदा आपटते, ही सवय मला ठशानंतर लागली. ती आपटली. मी सही केली. पलीकडून जमीरचीही तीच सही आली. मंगळवारी ऑपरेशन ठरलं. रक्ताची मोठी नळी गाठीत गुरफटलेली होती, त्यामुळे सर्जन डॉ. नांद्रेकरांनी सांगितलं की पाय मांडीपासून काढावा लागेल.

रविवारी दुपारी समृद्धी आणि तिची आई मनीषाताई आमच्या दारात उभ्या राहिल्या. पोरगी लंगडत होती, पण मान ताठ.

"वहिनी, रिपोर्ट तुमीच केलासा न्हवं?" मनीषाताई म्हणाली. "एकदा परत बघा की. पोरीचा पाय हाय ओ."

"ताई, दोघांनी बघितलंय. एकमेकांना न विचारता." मी म्हणाले. याहून वेगळं काय सांगणार होते?

आतून वर्धमान बाहेर आला. हातात मुलांचे पेपर होते.

"समृद्धी, पायाला काही लागलं होतं का गं?"

"न्हाई सर. डॉक्टरांनी पण इचारलं. काय लागलेलं न्हाई."

"तालमीत पडलीबिडलीस?"

समृद्धी हसली. "तालमीत रोजच पडायचं असतंय की सर."

"मांडीवर पडलीस का?"

"मागल्या म्हैन्यात एका पोरीचा गुडघा बसलेला मांडीत. पण मुका मार ओ. रगत न्हाई, काय न्हाई. त्येला कोण लागलं म्हणतंय?"

"मग सुजली असेल."

"सुजली तर!" मनीषाताई म्हणाली. "टणक झालती. म्या रोज सकाळी गरम तेलानं रगडायची. वस्ताद म्हणालेले, चोळून जिरवा. तालमीत समदी तसंच करत्यात. हिचं मात्र चोळंल तसं वाढतच गेलं बघा."

वर्धमानने पेपर खाली ठेवले. त्या दोघी गेल्यावर त्याने दार लावलं आणि माझ्याकडे वळला.

"शरयू, तो कॅन्सर नसेल."

मला पहिल्यांदा आला तो राग. "स्लाइड मी बघितली आहे. तू नाही."

"नाही बघितली. पण ऐक. मुका मार बसला की स्नायूत रक्त साकळतं. ते तसंच सोडलं तर आपोआप विरतं. रगडून रगडून चोळलं तर कधी कधी शरीर चुकतं आणि स्नायूतच हाड बांधायला घेतं. अशा गाठीच्या मध्यभागी पेशींचा नुसता गोंधळ असतो. तिथला तुकडा हुबेहूब हाडाच्या कॅन्सरसारखा दिसतो. कडेला मात्र शहाणं, नीट रचलेलं हाड तयार होत असतं. कॅन्सरमध्ये याच्या उलट. आणि बायोप्सीची सुई कुठे गेली? मधोमध."

"मग कडा बघून ठरवायचं."

"कडा अजून कच्ची असेल, फोटोत दिसणार नाही. तीन आठवडे थांबायचं आणि सीटी स्कॅन काढायचा. गाठीभोवती हाडाचं कडं दिसलं की प्रश्न मिटला."

"आणि कॅन्सरच असला तर?"

"तर तीन आठवड्यांत फुफ्फुसात जाऊ शकतो."

"म्हणजे पोरगी मरेल. तुला खात्री आहे?"

"नाही."

"आयुष्यात किती पाहिल्यास असल्या गाठी?"

"एक. इंटर्न असताना, सरकारी दवाखान्यात. आणि तीसुद्धा मी कॅन्सरच म्हणून सांगितली होती. आमच्या सरांनी सगळ्या वॉर्डासमोर माझी पिसं काढली."

मी हसले. चांगलं हसणं नव्हतं ते. "बारा वर्षं, एक बाग, आणि हाताशी काय, तर एक चुकलेलं उत्तर. मला तर वाटतं, तुला हे तसं असायला हवंय. ठसेवाली बायको एकदा तरी चुकलेली तुला बघायची आहे."

तो म्हणाला, "हवंय. खोटं कशाला बोलू? रोज सकाळी तू डबा घेऊन लॅबला निघतेस तेव्हा हवं असतं. पण म्हणून त्या पोरीची मांडी कुणी रगडली नाही असं होत नाही." खिडकीशी जाऊन तो पुढे म्हणाला, "बारा वर्षांत मी रोज कुणाच्या ना कुणाच्या समोर चुकलो, शरयू. बागेच्या बदल्यात मला तेवढंच मिळालं. तू अजून एकदाही चुकलेली नाहीस. चुकताना कसं वाटतं ते तुला माहीतच नाही."

त्या दिवशी आम्ही दोघं न जेवता झोपलो.

सोमवारी लॅबमध्ये जाताच मी ती स्लाइड पुन्हा काढली. मनाशी म्हटलं, आज शोधायचंच, शंकेला कुठे जागा आहे का ते. डोळे लावले. कॅन्सर. सगळी स्लाइड कानाकोपऱ्यापर्यंत फिरवली. कॅन्सर, कॅन्सर. लिंबू चाखल्यावर आंबट लागतं त्यावर कुणी चर्चा करत नाही, तितकं ते उघड होतं. करंगळी दोनदा आपटली. मला हायसं वाटलं. म्हटलं, बिचारा वर्धमान.

मग मी, आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. मधलं दार हळूच उघडलं. जमीरची पाठ माझ्याकडे होती, तो दुसऱ्याच कुणाची तरी स्लाइड वाचत होता. जरा वेळाने त्याने मान किंचित डावीकडे कलती केली, श्वास रोखला, आणि त्याची करंगळी टेबलावर दोनदा आपटली.

मान मीही तशीच कलती करते. श्वास मीही तिथेच रोखते. आम्ही दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून, दार बंद करून, चहा थंड होऊ देऊन जे काही जपलं, ते सगळं एकाच बाईंचं होतं. ही करंगळी नलिनी वागळ्यांची. मी पाहिलं तेव्हा त्यांनी पाहिलं, जमीरने पाहिलं तेव्हाही त्यांनीच पाहिलं. दुसरी नजर नव्हतीच. सांगलीला पाठवली असती, कोल्हापूरला पाठवली असती, तरी तिथेही बाईच बसलेल्या असणार होत्या.

आणि बाई कुठे बसायच्या? कर्करोग रुग्णालयात. तिथे पोचणारा रोगी दहा ठिकाणी चाळून आलेला. मुका मार लागलेली, आईने तेलाने रगडलेली पोरगी तिथपर्यंत जाईलच कशाला? बाईंनी ही गाठ जन्मात पाहिली नसेल, आणि आमची परीक्षा काढली होती तीही त्याच रुग्णालयाच्या कपाटातल्या स्लाइडवरून. बाई हुशार होत्या, पण न पाहिलेलं त्यांनी तरी कसं ओळखावं? आम्हाला त्यांची नजर मिळाली आणि तिच्यासोबत त्यांची खात्रीही मिळाली.

मी आरवाडे मॅडमकडे गेले. लॅब त्या चालवायच्या. बोलायला सडेतोड, पण माणूस वाईट नाही.

"मॅडम, खोतच्या केसवरची माझी सही मला मागे घ्यायची आहे."

"का? स्लाइडमध्ये काही वेगळं दिसलं?"

"नाही. कॅन्सरच दिसतो."

त्यांनी चष्मा काढला. "शरयू, बरी आहेस ना?"

मी मुका मार सांगितला, चोळणं सांगितलं, करंगळी सांगितली. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तुझ्या नवऱ्याने सांगितलं."

"हो."

"त्यांचा ठशावर किती राग आहे ते सगळ्या मिरजेला माहीत आहे. नीट विचार कर. नवीन पुरावा नसताना ठसेवाल्याने सही मागे घेतली तर त्याचा परवाना निलंबित होतो. विमा कंपन्या तुमचीच सही मानतात ती का, तर तुम्ही डगमगत नाही. आणि उद्या कॅन्सर निघाला, पोरगी गेली, तर तिच्या आईला तोंड दाखवशील?"

"नाही दाखवू शकणार."

"मग?"

मग काय ते मलाही ठाऊक नव्हतं. माझे डोळे सांगत होते, पाय काढा, लवकर काढा. त्या डोळ्यांनी मला आजवर कधी फसवलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला जेमतेम एकच केस पाहिलेला आणि तीही चुकलेला माझा नवरा. पण त्याने समृद्धीला जे विचारलं ते आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. विचारण्यासाठी आधी शंका यावी लागते आणि ती आम्हाला येणं शक्यच नव्हतं. मी मॅडमच्या समोरच रिपोर्ट उघडला, सही काढली आणि लिहिलं: "या तुकड्यावरून ठरवता येत नाही. मुका मार व मालिशचा इतिहास. तीन आठवड्यांनी सीटी स्कॅन करून मगच निर्णय घ्यावा." लिहिताना मी धडधडीत खोटं लिहितेय असं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत माझा परवाना निलंबित झाला.

दुसरी सही नाही म्हणून ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. डॉ. नांद्रेकर फोनवर माझ्यावर इतके ओरडले की शेवटी मी फोन कानापासून लांब धरला. मनीषाताईला मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं, कॅन्सर असू शकतो हेही सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी म्या चोळलं म्हणून झालं?" आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. समृद्धीच तिला म्हणाली, "आये, गप. पाय हाय अजून. आपुन थांबायचं."

ते तीन आठवडे मी घरीच होते. गंमत अशी की वर्धमानचाच धीर सुटला. पहिल्या आठवड्यात तो जुनी पुस्तकं उपसत बसला. दुसऱ्या आठवड्यात त्याचं जेवण सुटलं. समृद्धी गल्लीत खोकली तरी तो दचकायचा. एक दिवस क्लास सोडून भर दुपारी घरी आला आणि म्हणाला, "आपण चूक करतोय. नांद्रेकरांना फोन कर. काढू दे पाय."

"आता? आणि ते तू म्हणतोस?"

"मला खात्री नाही गं. मी तुला सांगितलं होतं, खात्री नाही म्हणून."

"सांगितलं होतंस." मी म्हणाले. "म्हणूनच ऐकलं."

तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्यात एवढा जवळ तो क्वचितच आला असेल. मला स्वतःला कॅन्सरच वाटत होता, डोळे मिटले तरी त्या पेशी दिसत होत्या, आणि मी त्याला थोपटत होते.

स्कॅनच्या दिवशी आम्ही सगळे इस्पितळाच्या बाकावर बसून होतो. मनीषाताई माझ्यापासून हातभर अंतर ठेवून. डॉ. नांद्रेकर बाहेर आले. त्यांनी कुणाकडे न बघता स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली. मांडीच्या काळ्या आकृतीत गाठ होती, आणि गाठीभोवती पांढरं, स्वच्छ, गोल कडं. फुफ्फुसं साफ.

"वर्धमान," ते म्हणाले, "पाय राहतोय." एवढं बोलून ते आत निघून गेले. समृद्धीने आईला मिठी मारली. वर्धमान भिंतीला टेकून हमसाहमशी रडला. मला आनंद झाला, फार झाला. आणि तरीही डोळ्यांच्या मागे कुणीतरी शांतपणे म्हणत होतं, कॅन्सर.

बातमी पसरली. पदवी मिळवून काय होतं, असं ज्यांनी वर्धमानला तोंडावर विचारलं होतं, तेच पालक आता मुलांचा हात धरून घरी यायला लागले: सर, डिग्री करू दे की ठसा घेऊ दे? वर्धमान सांगायचा, "मला विचारू नका. मी अजून बापाला काय तोंड दाखवू ते शोधतोय." त्याला नोकरी काही कुणी दिली नाही. कंपनीने मात्र हालचाल केली. असल्या गाठींसाठी ठशाची दुरुस्ती काढली, एका दुपारची. सगळ्या ठसेवाल्यांना ती घ्यायला लावली, आणि पुढे एक परीक्षा. पास झालं की परवाना कायम. माझं निलंबनही तेव्हाच उठणार होतं.

मी दुरुस्ती घेतली. दुसऱ्या दिवशी आरवाडे मॅडमनी मला परीक्षेला बसवलं. कंपनीचा माणूस शेजारी होता. जमीर आदल्या दिवशीच पास झाला होता, तो दाराशी उभा राहून मला हाताच्या खुणेने धीर देत होता. शेवटची स्लाइड ठेवली गेली. तिच्यावरचं नाव झाकलेलं होतं, पण मी ती झोपेतही ओळखली असती.

"काय दिसतं?" कंपनीच्या माणसाने विचारलं.

मी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. दुरुस्तीने काही बदललंय का ते प्रामाणिकपणे शोधलं.

"कॅन्सर."

मॅडम पुढे झुकल्या. "शरयू, घाई करू नकोस. ही कुणाची स्लाइड आहे ते तुला माहीत आहे. जिल्ह्यातले सगळे पास झालेत."

घराचा हप्ता, वर्धमानचा क्लास, माझी अर्धवट बी.कॉम., सगळं डोळ्यांपुढून गेलं. एक शब्द बोलायचा होता, त्या गाठीचं नाव. तो मला तोंडपाठ होता, जिल्ह्यातल्या सगळ्यांना तोंडपाठ होता. तो बोलून मी उद्यापासून कामावर गेले असते, आणि तालमीतली पुढची पोरगी माझ्यासमोर आली असती.

"उत्तर माहीत आहे, मॅडम," मी म्हणाले. "दिसत मात्र नाही."

कंपनीच्या माणसाने नापास असं लिहिलं. मी पर्स उचलली. तेवढ्यात दाराशी उभा असलेला जमीर आत आला, टेबलापाशी थांबला, आणि खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, माझं कालचं पास पण खोडा."